आंतरवासितेत तंत्रज्ञान : कुठे वापरायचं, कुठे खडूच बरा?

भावी_शिक्षिका_नागपूर

बी.एड.चं दुसरं वर्ष, अध्यापन पद्धती गणित आणि विज्ञान. सोळा आठवड्यांच्या आंतरवासितेसाठी (इंटर्नशिपसाठी) हिंगण्याकडची मराठी माध्यमाची शाळा आहे. नववी-दहावी, वर्गात ५२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. शाळेत एक प्रोजेक्टर आहे आणि एका वर्गात ७५ इंची पॅनेल. नेट असलं तर असलं.

पेपरात आपण 'टीपॅक' लिहितो, म्हणजे तंत्रज्ञान, अध्यापन आणि आशय या तीन ज्ञानांची चौकट. शुलमन यांनी १९८६ मध्ये आशयज्ञान आणि अध्यापनज्ञान यांची सांगड घातली, २००६ मध्ये मिश्रा आणि कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञान जोडलं. तीन वर्तुळं काढली की गुण मिळतात. पण वर्गात शिरल्यावर पहिला प्रश्न येतो तो प्लग कुठे आहे हा.

मी स्वतःपुरती चाळणी ठरवली आहे. फळ्यावर न हलणारी गोष्ट हलवून दाखवायची असेल, एकाच गोष्टीची दहा-वीस उदाहरणं झटपट हवी असतील, किंवा सगळ्या वर्गाचं उत्तर एकदम हवं असेल, तरच यंत्र. व्याख्या, उदाहरणाच्या पायऱ्या, आकृती काढत काढत समजावणं हे फळ्यावर. दहावीचं 'वर्तुळ' आणि नववीचं 'धाराविद्युत' ही दोन प्रकरणं घ्यायची आहेत. कुठे काय बिघडतं ते जाणकारांनी नेमकं सांगावं. 'तंत्रज्ञान ही काळाची गरज' वगैरे नको, ते प्रस्तावनेत लिहून झालंय :)

प्रकाशझोत

ताई, चाळणी चांगली आहे. प्रोजेक्टरचं आधी गणित करा.

साध्या प्रोजेक्टरचं थ्रो गुणोत्तर (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) साधारण १.५ असतं. म्हणजे २ मीटर रुंद चित्रासाठी यंत्र भिंतीपासून ३ मीटरवर, पहिल्या-दुसऱ्या बाकाच्या मध्ये येतं. १६:९ मध्ये त्या चित्राची उंची सुमारे ११२ सेंमी भरते. ३५०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे यंत्राचा एकूण उजेड) प्रोजेक्टर एवढ्या जागेवर जेमतेम १५०० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारा उजेड) देतो. चित्र ओढून ३ मीटर रुंद केलंत की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि उजेड ७०० लक्सच्या खाली येतो. खिडकीतून भिंतीवर तीन-चारशे लक्स पडत असेल तर काळी अक्षरं राखाडी दिसणारच. म्हणून चित्र मोठं करायचा मोह आवरा. वर्गातले सगळे दिवे मालवण्याऐवजी फळ्याजवळची ट्यूब आणि फळ्यालगतची खिडकी एवढंच बंद करा. मुलांना वहीत लिहायला उजेड लागतो.

अक्षराचा आकार. शेवटचा बाक ७ मीटरवर धरा. वाचायला सोपं पडावं म्हणून अक्षराची उंची अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी, म्हणजे साडेतीन सेंमी हवी. स्लाइडची उंची ५४० पॉइंट असते, तेव्हा ३६ पॉइंटचा फाँट भिंतीवर साडेसात सेंमी होतो. पण त्यात वरची वेलांटी आणि खालचा उकार धरलेला असतो, मूळ अक्षर निम्मंच. थोडक्यात ३६ ही खालची मर्यादा समजा. इंग्रजीत २४ चालून जातो, मराठीत रफार आणि अनुस्वार आधी पुसट होतात. शीर्षक धरून स्लाइडवर सात-आठ ओळींपेक्षा जास्त मावणार नाही, मावल्या तर फाँट लहान झालाय.

यंत्र तिरकं ठेवून कीस्टोनने चित्र सरळ करू नका, कडेची अक्षरं अस्पष्ट होतात. स्टूल शोधा, यंत्र भिंतीला काटकोनात ठेवा.

आणि आपल्याकडची उष्णता. बऱ्याच प्रोजेक्टरना खोलीचं तापमान ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालतं. मार्चच्या शेवटी पत्र्याच्या खोलीत दुपारी ते त्याच्या वर जातं आणि यंत्र आपणहून बंद पडतं. सकाळची शाळा सुरू झाली की तास पहिल्या दोन पिरियडमध्ये मागून घ्या. जाळी दर पंधरवड्याला कोरड्या ब्रशने झाडा. खडूची भुकटी तिथेच बसते.

बर्डीकर

प्रकाशझोत भाऊंच्या पोस्टला जोड. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर लाइट गेली की पंखाही थांबतो आणि आतला दिवा तापलेला राहतो. लाइट दोन मिनिटांत आली तरी दिवा थंड होईपर्यंत पेटत नाही, पाचेक मिनिटं जातात. मुलं तोवर वर्ग डोक्यावर घेतात. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लावा. तो ३६० वॅटपर्यंत झेपवतो. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, ३०० वॅटच्या प्रोजेक्टरला पाच-सात मिनिटं पुरते. तेवढ्यात तास पूर्ण होणार नाही, पण यंत्र नीट बंद करता येतं. लेझर किंवा एलईडी प्रोजेक्टरला ही भानगड नाही.

पॅनेलचं वेगळंच. ही बहुतेक पॅनेलं इन्फ्रारेडवर चालतात. काचेपुढे न दिसणाऱ्या किरणांची जाळी असते, ती कुठेही तुटली की यंत्राला स्पर्श वाटतो. त्याला बोट काय, ओढणी काय, पदर काय, सारखंच! लिहिताना मनगट टेकलं की दुसरी रेघ उमटते ती यामुळेच. चौकटीच्या कडेला खडूची भुकटी साचली किंवा थेट ऊन पडलं तर कोणी हात न लावता बटणं दाबली जातात. बाजूला खडूचा फळा असेल तर डस्टरऐवजी ओलं फडकं वापरा आणि चौकटीची आतली कड रोज कोरड्या कापडाने पुसा.

मोबाइल प्रोजेक्टरला जोडायचा विचार असेल तर थांबा. टाइप-सी ते एचडीएमआय कनेक्टर बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कुठेही मिळतो, पण स्वस्त फोनांच्या टाइप-सीमधून चित्र बाहेरच येत नाही. फक्त चार्जिंग आणि फाइली. फोन घेऊन जा, दुकानातच लावून बघा, मग पैसे द्या. फोनमध्ये ती सोय नसेल तर यूएसबी केबलने फोनचा पडदा लॅपटॉपवर आणणारं 'स्क्रीनकॉपी' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, नेट लागत नाही. फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डिबगिंग चालू करावं लागतं.

समरूप

'वर्तुळ'साठी जिओजेब्रा, भूमितीच्या आकृत्या हलवून दाखवणारं सॉफ्टवेअर. क्लासिक आवृत्ती घरी लॅपटॉपवर टाकून ठेवा, वर्गात नेट नको.

आंतरलिखित कोनाचं प्रमेय दाखवताना बहुतेक जण वर्तुळावर तीन बिंदू घेतात, कोन मोजतात आणि बिंदू ओढत बसतात. तिथेच गोची होते. समजा आंतरलिखित कोन ३५.२७° आणि केंद्रीय कोन ७०.५४° आहे. पूर्णांकात दाखवलं तर पडद्यावर ३५ आणि ७१ येतात. पहिल्या बाकावरून लगेच आवाज येतो, 'सर, दुप्पट नाही!' एक दशांश ठेवला तर ३५.३ आणि ७०.५, तेही जुळत नाही. प्रमेय सिद्ध व्हायचं ते बाजूला राहतं आणि तुम्ही पूर्णांकन शिकवत बसता.

उपाय असा. आधी α नावाचा स्लायडर (ओढून माप बदलायची पट्टी) घ्या, २०° ते १८०°, पायरी २°. केंद्र O आणि वर्तुळावर A. 'दिलेल्या मापाचा कोन' हे साधन घेऊन आधी A, मग O वर क्लिक करा, माप α द्या. A′ मिळतो. मग वर्तुळावरच बिंदू B घ्या, जीवा काढा, कोन मोजा. पायरी २ असल्यामुळे निम्मं माप नेहमी पूर्णांकच येतं. ८० ला ४०, ८२ ला ४१.

दुसरी गोची क्लिकच्या क्रमाची. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतं. A, B, A′ ऐवजी A′, B, A असं दाबलं तर ४० ऐवजी ३२० दिसेल. कोनाच्या गुणधर्मांत जाऊन तो ० ते १८० मध्ये बांधून टाका, मग क्रमाची चिंता नाही.

आता B ओढा. मोठ्या कंसावर कुठेही नेलात तरी ४० च. मग मुद्दाम B ला A आणि A′ च्या मधल्या लहान कंसावर न्या, कोन एकदम १४० होतो. हे चुकून झालं तर गडबड, ठरवून केलं तर तासाचा सगळ्यात चांगला क्षण. 'आता कोणता कंस आंतरखंडित झाला?' एवढाच प्रश्न विचारा आणि गप्प राहा. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक का, याचं बीज इथेच पडतं. शेवटी α ला १८० वर न्या, अर्धवर्तुळातला काटकोन आपोआप येतो.

ओढून दाखवलं म्हणजे सिद्ध झालं असं मात्र मुलांना वाटू देऊ नका. सिद्धता फळ्यावर, खडूने, OB जोडून आणि बाह्यकोनाचा उपयोग करून. तिथे प्रोजेक्टर बंद.

ओहमभाऊ

'धाराविद्युत'साठी फेट. कोलोरॅडो विद्यापीठाची सिम्युलेशनं, कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला प्रकल्प, पूर्ण मोफत. साइटवरून फाइल उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते.

आधी खरं परिपथ, मग सिम्युलेशन. हा क्रम उलटा करू नका. दीड व्होल्टचे दोन सेल, अडीच व्होल्टचे टॉर्चचे दोन बल्ब, होल्डर, तारा. टॉर्च एलईडीच्या झाल्यापासून हे बल्ब सहज मिळत नाहीत, इलेक्ट्रिकच्या जुन्या दुकानात विचारा. एलईडी वापरू नका. तिला दिशा असते, एकसर जोडणीत दोन लावल्या तर व्होल्टेज अपुरं पडून पेटणारच नाहीत आणि मुलं भलताच निष्कर्ष काढतील.

खऱ्या परिपथात एक गोष्ट हमखास दिसते. दुसरा बल्ब समांतर जोडला की पहिलाही किंचित मंद होतो. पुस्तक मात्र सांगतं की तो होता तसाच राहतो. कारण सेलचा स्वतःचा आंतररोध, सेल जुने असले की जास्तच. नवे सेल वापरा, आणि तरी मंद झाला तर लपवू नका. 'सेललाही थोडा रोध असतो' एवढं सांगून पुढे चला.

आता पडद्यावर. फेटमध्ये बॅटरी ९ व्होल्टची आणि बल्ब १० ओहमचा असतो. एका बल्बला ०.९ अँपिअर. एकसर दोन लावले की ०.४५. समांतर लावले की प्रत्येकी ०.९, एकूण १.८. हे आकडे मुलांनी आधी वहीत काढावेत, मग ॲमीटर लावून दाखवा. एकसर जोडणीत ॲमीटर दोन्ही बल्बच्या मध्ये, आधी आणि नंतर असा तिन्ही ठिकाणी लावा. 'पहिला बल्ब धारा वापरून टाकतो, दुसऱ्याला उरलेली मिळते' हा समज मुलांत खोल रुतलेला असतो, तो दुसऱ्या कशाने निघत नाही.

सावधान : सुरुवातीला त्यात निळे इलेक्ट्रॉन ऋणाकडून धनाकडे धावताना दिसतात, पुस्तकातला बाण धनाकडून ऋणाकडे. आधीच पर्याय बदलून सांकेतिक धारा निवडा, नाहीतर अर्धा तास त्यातच. आणि बॅटरी शॉर्ट केली की तिथे ज्वाळा निघतात. हे मुलांना कळलं की दुसरं काही करू देत नाहीत :)

भावी_शिक्षिका_नागपूर

ज्वाळांचं आधी दाखवून टाकते, मग उत्सुकता संपेल. सर, पाठ टाचणात (तासाच्या लेखी आराखड्यात) हे कसं मांडायचं? निरीक्षक 'शैक्षणिक साधने'च्या रकान्यापुढे जातच नाहीत असं सगळे सांगून राहिले.

टाचणवही

त्या रकान्यात 'प्रोजेक्टर, पीपीटी' लिहून काहीच कळत नाही. कोणत्या मिनिटाला काय दिसेल आणि तेव्हा मुलं काय करतील ते लिहा. ओहमभाऊंचा पाठ ३५ मिनिटांत असा बसतो : ३ मिनिटं प्रस्तावना, ५ मिनिटं अंदाज (दोन बल्ब एकसर, कोणता जास्त उजळ? वहीत लिहा), ७ मिनिटं खरा परिपथ, ८ मिनिटं फेट, ६ मिनिटं फळ्यावर सूत्र आणि एक उदाहरण, ६ मिनिटं प्रश्न आणि गृहपाठ. पडदा एकूण आठच मिनिटं. निरीक्षकांना हेच दिसायला हवं.

शेवटच्या रकान्यात 'वीज नसल्यास' अशी एक ओळ हवीच. तिथे 'तोंडी स्पष्टीकरण' लिहू नका. वर्तुळाच्या पाठाला पुठ्ठ्याचं वर्तुळ, कडेला खिळे आणि रबरबँड लिहा. B चा रबर एका खिळ्यावरून दुसऱ्या खिळ्यावर सरकवला की तीच गोष्ट दिसते. कोनमापकाने एखाद-दोन अंश इकडे तिकडे येतात, पण कल्पना पोचते.

सूक्ष्म अध्यापनात (एकेका कौशल्याच्या छोट्या सरावपाठात) यंत्र हाताळण्याचा सराव करून घ्या. ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (फीडबॅक), १२ पुनर्नियोजन, ६ पुनर्पाठ, ६ पुन्हा प्रत्याभरण असं ३६ मिनिटांचं चक्र. त्यातला एक पाठ फक्त 'बोलता बोलता स्लायडर हलवणे' यावर करा. माऊसकडे बघत बोलणारा शिक्षक फळ्याकडे बघत बोलणाऱ्यापेक्षाही वाईट.

मूल्यमापन_मॅडम

सगळ्या वर्गाचं उत्तर एकदम हवं असेल तर प्लिकर्स नावाचं ॲप. मुलांकडे फोन लागत नाही, प्रत्येकाला एक छापील चौकट. चौकट जशी धराल तसं अ, ब, क, ड उत्तर. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं काय ते नोंदतं. कार्डांचे ४० आणि ६३ असे संच असतात, तुम्हाला ६३ चा लागेल. दोन गोष्टी बिघडतात. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन केलं तर ट्यूबचा उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला चौकट दिसत नाही. जाड मॅट कागदावर छापा. आणि मुलं बोटं काळ्या भागावर ठेवतात, पांढऱ्या कडेला धरायला सांगा. नेट मात्र लागतं.

नेट नसेल तर चार रंगांच्या घोटीव कागदाचे तुकडे. 'एक, दोन, तीन' म्हटल्यावर छातीशी धरायचे, डोक्यावर नाही, म्हणजे मागच्याला पुढच्याचं दिसत नाही. मोजणी अंदाजाने होते आणि तेवढी पुरते. कारण निर्णय एवढाच घ्यायचा असतो : ३० टक्क्यांहून कमी बरोबर असतील तर पुन्हा शिकवा, ३० ते ७० च्या मध्ये असतील तर शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालू द्या आणि पुन्हा विचारा, त्यावर असतील तर पुढे जा. हार्वर्डच्या एरिक माझूर यांची ही पद्धत यंत्राशिवायही तितकीच चालते.

खरं काम चुकीचे पर्याय लिहिण्यात आहे. 'पहिला बल्ब जास्त उजळ' हा पर्याय असायलाच हवा. 'दोन्ही हिरवे होतील' असला भरतीचा पर्याय कोणी निवडत नाही, त्यातून कळतही नाही.

टंकसेवक

शाळेच्या संगणकावर मराठी बोंबलते ती जागा. घरी जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फाँटात टाइप केलेली स्लाइड तिथे तो फाँट नसेल तर अगम्य चिन्हांत उघडते. युनिकोडमध्येच टाइप करा, विंडोजमध्ये निर्मला किंवा मंगल असतोच. बाहेरचा फाँट वापरला तर फाइलमध्ये एम्बेड करा, शिवाय पीडीएफ जवळ ठेवा.

'दुसऱ्या', 'पायऱ्या' यांत नुसता र वापरला तर 'दुसर्या' असा रफार पडतो. नुक्त्याचा ऱ घ्या, इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे. फळ्यावर चुकलं तर पुसता येतं, पडद्यावरची चूक ५२ वह्यांत उतरते.

टाचणवही

एआयवर कोणीच बोललं नाही. प्रश्नसंच काढायला वापरतात सगळे. विज्ञानात 'रोध'च्या जागी 'प्रतिरोध', 'एकसर जोडणी'च्या जागी 'श्रेणी' असं हिंदी वळण घुसतं, पाठ्यपुस्तक समोर ठेवूनच तपासा. उदाहरणांची उत्तरं स्वतः सोडवून बघा, पायऱ्या बरोबर आणि उत्तर चूक असं बेमालूम होतं.

ओहमभाऊ

मी तर म्हणेन पहिल्या वर्षी एआयने प्रश्न काढूच नका. प्रश्न काढता काढताच आशय पक्का होतो.

मूल्यमापन_मॅडम

इतकं कडक नको. वीस प्रश्न मागा, दोन निवडा, अठरा का टाकले ते लिहा. त्यातही आशय पक्का होतो.

अहवालातल्या फोटोंचंही सांगते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि पालकांच्या संमतीवर भर आहे. मुख्याध्यापकांमार्फत लेखी परवानगी घ्या, किंवा फोटो वर्गाच्या मागून काढा. पडदा दिसतो, चेहरे दिसत नाहीत. गुणांच्या यादीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, आणि प्लिकर्समध्ये नावांऐवजी हजेरी क्रमांक भरा.

भावी_शिक्षिका_नागपूर

खूप उपयोगी पडलं. एक शेवटचं. एचडीएमआय केबल किती लांब घेऊ? लॅपटॉप टेबलावर, प्रोजेक्टर ३ मीटरवर. आणि आवाज?

बर्डीकर

सरळ अंतर ३ मीटर असलं तरी केबल बाकांच्या कडेने फिरवावी लागते, ५ मीटरची घ्या. साधी तांब्याची केबल १० मीटरच्या पुढे गेली की चित्र लुकलुकतं. मधल्या रांगेतून आडवी टाकू नका, कोणाचा पाय अडकला की लॅपटॉपच खाली येतो. जिथे ओलांडावीच लागते तिथे रुंद चिकटपट्टी पूर्ण लांबीने लावा.

चित्र आलं नाही तर विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' निवडा. 'एक्स्टेंड'वर असेल तर जिओजेब्राची खिडकी तुमच्याच पडद्यावर राहते आणि मुलांना नुसता वॉलपेपर दिसतो. एचडीएमआय लावली की आवाजही प्रोजेक्टरच्या बारक्या स्पीकरकडे जातो. खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट परत लॅपटॉपवर आणा आणि तारेचा छोटा स्पीकर लावा. ब्लूटूथवाला नको, आवाज चित्राच्या मागे राहतो. विस्तार बोर्ड तीन पिनांचा घ्या आणि आधी सॉकेट टेस्टरने प्लगची अर्थिंग तपासून घ्या, साध्या स्क्रू-ड्रायव्हर टेस्टरने ती कळत नाही. लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात त्या अर्थिंग नसल्यामुळे.

भावी_शिक्षिका_नागपूर

शनिवारी बर्डीवर जाते. केबल, मॅट कागद, टेस्टर आणि टॉर्चचे बल्ब मिळाले तर.

ओहमभाऊ

बल्ब चार घ्या. एक हमखास उडतो.